ताटात तूप नाही, तरी कोलेस्ट्रॉल?

“आमी का तूप-लोनी खातो का जी? आमाले कायचा कोलेस्ट्रॉल?”

वस्तीत बीपीचे मशीन घेऊन बसले की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारी मावशी दिवसभर बांधीत वाकून रोवणी करून आलेली असते. अंगावर मांस नाही, घरात फ्रीज नाही, तूप पाहुणा आला तरच. तिच्या हिशेबाने कोलेस्ट्रॉल हे पोट सुटलेल्या, गाडीतून फिरणाऱ्या मोठ्या लोकांचे दुखणे. अड्याळ असो, पवनी असो की भंडारा शहरातली एखादी वस्ती असो, ही समजूत सगळीकडे सारखीच पक्की आहे. तिच्यामुळे आमची माणसे तपासणीला जात नाहीत, आणि एके दिवशी छातीत कळ आली की ती गॅसची ठरते.

म्हणून आधी हा गैरसमज काढू. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदीगड इथल्या लोकांच्या रक्तातील चरबी तपासली आणि २०१४ साली निष्कर्ष छापले. शहरातले लोक त्यात होते तसे खेड्यातलेही होते. ७९ टक्के लोकांच्या रक्तातील चरबीत काही ना काही बिघाड निघाला. गंमत अशी की एकूण कोलेस्ट्रॉल वाढलेले लोक जेमतेम १४ टक्के होते. सर्वांत मोठा बिघाड वेगळाच होता. चांगले कोलेस्ट्रॉल, ज्याला एचडीएल म्हणतात, ते ७२ टक्के लोकांमध्ये कमी होते. आणि ट्रायग्लिसराईड नावाची चरबी सुमारे ३० टक्के लोकांमध्ये जास्त होती. पुढे आयसीएमआरने हाच अभ्यास देशभर नेला, त्याचे निष्कर्ष २०२३ साली आले. तिथेही चित्र तेच, बिघाड ८१ टक्के लोकांमध्ये.

म्हणजे मावशीचे म्हणणे अर्धे खरे आहे. तूप-लोण्याने होणारे दुखणे तिला नसेलही. पण भात, साखर, रेशनचे तेल, खर्रा, दारू आणि चिंता यांनी होणारे दुखणे तिच्या घरात आहे, आणि तेही हृदयापर्यंतच जाते.

गरिबाचे हृदय आणि श्रीमंताचे हृदय

बंगळूरच्या डॉक्टरांनी पुढाकार घेऊन २००१ ते २००५ या काळात देशातल्या ८९ दवाखान्यांमधून हार्ट अटॅकच्या २० हजारांहून अधिक रुग्णांची नोंद ठेवली. २००८ साली ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. पहिल्या ३० दिवसांत दगावणाऱ्यांचे प्रमाण श्रीमंत रुग्णांमध्ये साडेपाच टक्के होते, गरीब रुग्णांमध्ये आठ टक्क्यांच्या वर. गरिबाचे हृदयच कमजोर असते की काय? संशोधकांनी तोही हिशेब करून पाहिला. दोघांना मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात धरला, तेव्हा मृत्यूतला फरक उरलाच नाही. गरिबाला गोळ्या कमी मिळाल्या, गुठळी विरघळवण्याचे उपचार कमी मिळाले, अँजिओप्लास्टी कमी झाली, म्हणून तो जास्त मेला. हे वाचल्यावर आम्हाला वेगळे भाषण करायची गरज वाटत नाही. हक्क न मिळाल्याने माणूस कसा मरतो, याचा हा आकडेवारीतला पुरावा आहे.

याच नोंदीत आणखी एक आकडा आहे. दुखायला लागल्यापासून दवाखान्यात पोचायला रुग्णांना मधल्या हिशेबाने ३६० मिनिटे लागली. सहा तास. अड्याळहून भंडारा वीस-पंचवीस किलोमीटर. मग सहा तास जातात कुठे? त्यावर पुढे येऊच.

जगभरातल्या सतरा देशांचा एक अभ्यासही हेच सांगतो. श्रीमंत देशांत कोलेस्ट्रॉल, वजन वगैरे धोक्याच्या गोष्टी जास्त सापडल्या, गरीब देशांत कमी. पण हार्ट अटॅकने मरणारे गरीब देशांत जास्त. कारण तिकडे बीपी वेळेवर कळते आणि गोळी वेळेवर मिळते. शिवाय दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला अटॅक येतो तो सरासरी ५३ च्या आसपास, इतर देशांत ५९ च्या आसपास. घरचा कर्ता माणूस सहा वर्षे आधी आडवा होतो. मुलीचे लग्न, मुलाचे कॉलेज, घरकुलाचा शेवटचा हप्ता, सगळे याच वयात असते.

रिपोर्ट कसा वाचायचा

कोलेस्ट्रॉल हे विष नव्हे. शरीरातल्या प्रत्येक पेशीला ते लागते, आणि त्यातले बरेचसे आपले यकृतच तयार करते. रक्तात ते एकटे फिरत नाही, वाहनात बसून फिरते. एलडीएल नावाचे वाहन कोलेस्ट्रॉल शरीरभर पोचवते, आणि जास्त झाले की रक्तवाहिनीच्या भिंतीत उतरवून ठेवते. एचडीएल नावाचे वाहन उरलेले कोलेस्ट्रॉल उचलून यकृताकडे परत नेते. म्हणून एकाला वाईट आणि दुसऱ्याला चांगले म्हणायची रीत पडली.

नळात गाळ साचतो तशी रक्तवाहिनी हळूहळू बंद होते, असे चित्र बरेचदा दाखवतात. ते पुरते खरे नाही. चरबी भिंतीच्या आत साचते, वर पातळ पापुद्रा असतो. बीपी वाढलेले, तंबाखूने भिंत खराब झालेली, अशा वेळी तो पापुद्रा फाटतो. फाटल्या जागी रक्ताची गुठळी होते आणि काही मिनिटांत वाट बंद. म्हणून काल धानाचे पोते उचलणारा माणूस आज अटॅकने जाऊ शकतो. “त्याला काहीच त्रास नव्हता” हे आपण मयतीत ऐकतो, आणि ते खरेही असते. साचलेली चरबी दुखत नाही.

आता आकडे. एकूण कोलेस्ट्रॉल २०० च्या खाली असावे. एलडीएल १०० च्या खाली. एचडीएल पुरुषांत ४० च्या वर, बायकांत ५० च्या वर. ट्रायग्लिसराईड १५० च्या खाली. ज्याला शुगर आहे किंवा जुने बीपी आहे त्याचे एलडीएल ७० च्या खाली हवे, आणि ज्याला अटॅक येऊन गेला किंवा स्टेंट टाकला आहे त्याचे ५५ च्या खाली. देशातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली या सूचना काढल्या. पहिली तपासणी अठराव्या वर्षीच करून घ्या, असेही त्यांनी म्हटले आहे. साध्या तपासणीला उपाशी राहायची गरज नाही. ट्रायग्लिसराईड जास्त निघाले, तर डॉक्टर उपाशीपोटी पुन्हा करायला सांगतात.

आमचे लोक रिपोर्टमधला पहिलाच आकडा पाहतात आणि कागद घडी करून ठेवतात. तिथेच फसगत होते. समजा एका भावाचे एकूण कोलेस्ट्रॉल १७०, एचडीएल ३२ आणि ट्रायग्लिसराईड २६० आले. एकूण २०० च्या खाली आहे, एलडीएल हिशेबाने ८६ च्या आसपास निघते, तेही चांगले. म्हणजे सगळे ठीक? नाही. एकूणातून एचडीएल वजा करा. १७० वजा ३२, राहिले १३८. ही वजाबाकी १३० च्या खाली हवी. रक्तात फिरणारी सगळी वाईट चरबी या एका आकड्यात येते. आठवीतले पोर ही वजाबाकी करते, तेव्हा त्यालाच करायला लावा.

एलडीएल १९० च्या वर निघाले, किंवा डोळ्यांच्या पापण्यांवर पिवळसर चट्टे दिसले, तर ते घराण्यातून आलेले असू शकते. अशा घरात सख्ख्या भावंडांची आणि मुलांची तपासणीही करावी लागते, ती कितीही बारीक असली तरी.

भात, तेल, मीठ, मटण

आपला जिल्हा धानाचा. सकाळी भात, रात्री भात, मध्ये कनकीचे काहीतरी. भात वाईट नाही, पण पॉलिश केलेला पांढरा भात पोटात गेला की लवकर साखर होतो, आणि अंगमेहनतीत न जळलेल्या साखरेची यकृत चरबी करते. तीच ट्रायग्लिसराईड. आपल्या आजीने तेवढाच भात खाल्ला, हे खरे. पण ती हातसडीचा खात होती, आणि दळण-कांडण, पाणी, सरपण सगळे अंगावर होते. आता कापणीला हार्वेस्टर आले, पोरगा नागपुरात गार्डच्या खुर्चीवर बारा तास बसतो, आणि ताटातला डोंगर मात्र तेवढाच आहे.

कोसलचा राजा पसेनदी याची गोष्ट संयुत्त निकायात आहे. तो मापटीच्या मापटी भात खाऊन धापा टाकत भगवंतांपुढे आला. भगवंतांनी त्याला उपवास सांगितला नाही, कुठला पदार्थ वर्ज्य केला नाही. मात्रा ओळखून खाण्याबद्दल एक गाथा सांगितली. राजाने ती सुदस्सन नावाच्या तरुणाला पाठ करायला लावली, आणि रोज जेवायला बसलो की म्हणून दाखव, असे सांगून त्याला दिवसाला शंभर नाणी लावून दिली. हळूहळू राजाचा भात कमी झाला, अंग हलके झाले. आम्हाला या गोष्टीत सुदस्सन जास्त आवडतो. आठवण करून देणारे माणूस घरात लागते, आणि आपल्याकडे ते काम सून किंवा नात फुकटात करू शकते.

भात अर्धा करा म्हटले की लोक विचारतात, मग पोट कशाने भरायचे? प्रश्न रास्त आहे. रेशनच्या मोफत धान्यात तांदूळ आणि गहू येतो. डाळ, भाजी येत नाही. पण आपल्या भागात ज्या गोष्टी आहेत त्या कमी लेखू नका. तरोट्याची भाजी पावसाळ्यात बांधावर फुकट उगवते. अंबाडी, मुंगण्याचा पाला, कोचईची पाने, हिवाळ्यात पोपटाच्या शेंगा, चण्याची भाजी. जवसाची चटणी तर आपल्या घरची. माशाच्या तेलात असते त्याच जातीची चरबी वनस्पतीतून हवी असेल तर जवस हे स्वस्तात मिळणारे उत्तम बी आहे. ताटाचा अर्धा भाग भाजीचा, पाव भाग डाळीचा किंवा मासोळीचा, पाव भाग भाताचा. रात्री शक्य तर ज्वारीची भाकर.

घरात बाई शेवटी जेवते. तोवर डाळ संपलेली असते, मासोळी संपलेली असते, भांड्यात भात आणि रस्सा उरतो. मग तिचे एचडीएल कमी का, आणि पाळी गेल्यावर तिचे बीपी एकदम वाढलेले का सापडते, याचे अर्धे उत्तर त्या भांड्यात आहे. भाजी-डाळ वाढताना तिचा वाटा आधी बाजूला काढा. यासाठी डॉक्टर लागत नाही.

तेलाबद्दल थोडे कडू बोलतो. २०२३ साली सरकारने गुढीपाडवा आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीच्या नावाने ‘आनंदाचा शिधा’ दिला. शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल. चणाडाळीबद्दल आभार. पण पामतेलात जवळपास निम्मी चरबी अशी असते, जी एलडीएल वाढवते. सोयाबीन तेलात ती साधारण सातवा हिस्सा असते. पुढे शिध्यात सोयाबीन तेल आले, ते बरे झाले. घरात कुठले तेल वापरता यापेक्षाही किती वापरता हे मोठे आहे. माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण किलो पुरे. पाच माणसांच्या घरात तीन किलोची कॅन महिना जायला हवी. दहा दिवसांत संपत असेल, तर तळण जास्त आहे. चौकातला आलुबोंडा ज्या काळ्या तेलात निघतो त्याबद्दल आम्ही काही बोलत नाही, कढई सगळ्यांनी पाहिली आहे. वनस्पती तूप, खारी, टोस्ट यांतल्या ट्रान्स फॅटवर २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे, पण सुट्या मालावर कोण काय तपासते?

मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यातच लोणचे, पापड, सुकी मासोळी, फरसाण सगळे आले. भाताच्या पाण्यात मीठ टाकायची सवय ज्या घरात आहे त्यांनी ती आधी सोडावी.

मटणाचा विषय निघाला की काही लोक लगेच सांगतात, मांस सोडा, हृदय चांगले राहील. यात आरोग्य कमी आणि दुसरेच काही जास्त असते, हे आपल्याला कळते. साजूक तूप, मिठाई आणि तळण खाणाऱ्या शाकाहारी माणसालाही अटॅक येतोच. तळ्यातली मासोळी, झिंगे, कोंबडीचे कातडी काढलेले मटण, अंडे हे आपल्या घरातले चांगले प्रोटीन आहे. शुगर किंवा हृदयविकार नसलेल्या माणसाला रोजचे एक अंडे चालते. जपायचे ते वेगळ्या गोष्टींना. भेजा, कलेजी, वजडी, मुंडी आणि चरबीचा तवंग आलेला रस्सा रोजच्या ताटात नको. वजडी स्वस्त पडते म्हणून आली आहे, आवडीनेही खाल्ली जाते, तिला नावे ठेवायचा आमचा विचार नाही. महिन्यातून एकदा, आणि वरचा तवंग काढून.

गालातला खर्रा

विहारात पंचशील ग्रहण करताना ज्यांच्या गालात खर्रा असतो, त्यांच्याबद्दल काय बोलावे? दारू सोडलेली माणसे आम्ही पुष्कळ पाहिली, बावीस प्रतिज्ञांचा तो मोठा विजय आहे. पण खर्रा नशेत मोजायचाच नाही, असा जणू ठराव झाला आहे. २०१६-१७ च्या सरकारी तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूच्या आहारी असल्याचे दिसले, आणि त्यातले बहुतेक धूर काढणारे नव्हते, चघळणारे होते. विडी पिणारे चार टक्क्यांच्या आत. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, आणि तरी टपरीवर पन्नीत सुपारी-तंबाखू-चुना घोटायचा आवाज सकाळी सहापासून येतो.

तंबाखू म्हणजे तोंडाचा कॅन्सर, एवढे सगळ्यांना माहीत झाले आहे. हृदयाचे कोणी सांगत नाही. निकोटीन रक्तात गेले की नाडी आणि बीपी वाढते, रक्तवाहिन्या आकसतात. विडीच्या धुराने तर चांगले कोलेस्ट्रॉल घटते आणि रक्त गुठळी धरायला उतावीळ होते. विडी सोडली की वर्षभरात हृदयाचा वाढलेला धोका जवळपास निम्मा होतो, इतक्या लवकर फायदा देणारा दुसरा उपाय आम्हाला माहीत नाही. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत नंबर तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो. पहिले दहा-पंधरा दिवस चिडचिड होते, डोके दुखते, बायकोने तेवढे दिवस भांडण उधार ठेवावे. आपल्या जिल्ह्यात विड्या वळून घर चालवणाऱ्या बाया आहेत. तंबाखूची भुकटी त्यांच्या श्वासात जाते, आणि विडीविरुद्ध बोललो की त्यांची चूल डोळ्यांपुढे येते. त्यांना दुसरे काम मिळाले पाहिजे, ही मागणीही आरोग्याचीच आहे.

दारूचे एक वाक्य. मोहाची असो की ठेक्यावरची, ती बीपी आणि ट्रायग्लिसराईड दोन्ही वाढवते, आणि “थोडी घेतली तर हृदयाला चांगली” हे पिणाऱ्यांनी पसरवलेले आहे.

बीपीची गोळी आणि आपला जिल्हा

ही माहिती आपल्याच लोकांना नाही याचे आम्हाला वाईट वाटते. २०१७ साली देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम पाच राज्यांतल्या २५ जिल्ह्यांत सुरू करायचे ठरले. महाराष्ट्रातले चार जिल्हे निवडले गेले. वर्धा, सातारा, सिंधुदुर्ग आणि आपला भंडारा. कल्पना साधी होती. प्रत्येक सरकारी दवाखान्यात बीपी मोजायचे, सगळीकडे त्याच मोजक्या गोळ्या ठेवायच्या, महिन्याभराच्या एकदम द्यायच्या, रुग्णाची नोंद ठेवायची आणि तो आला नाही तर त्याला गाठायचे. २०२२ साली या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. ज्या जिल्ह्यात हे सुरू झाले, त्याच जिल्ह्यात आमचे लोक मेडिकलमधून दोन गोळ्या सुट्या घेऊन खातात आणि डोके थांबले की बंद करतात.

बीपी १४० वर ९० च्या खाली राहिले पाहिजे, रोज, आयुष्यभर. बरे वाटले म्हणून गोळी सोडायची नसते; गोळी चालू आहे म्हणून बरे वाटते. हेच कोलेस्ट्रॉलच्या गोळीचे. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन ही नावे चिठ्ठीवर दिसतील. ज्यांना अटॅक किंवा लकवा येऊन गेला आहे, स्टेंट आहे, चाळिशीनंतर शुगर आहे, किंवा एलडीएल १९० च्या वर आहे, त्यांना या गोळीने जीव वाचतो, हे तीस वर्षांच्या अभ्यासातून सिद्ध झाले आहे. रिपोर्ट चांगला आला म्हणून बंद केली की काही आठवड्यांत आकडे परत जागेवर. काही जणांना स्नायू दुखतात, तसे झाले तर डॉक्टरांना सांगून गोळी किंवा मात्रा बदलून घ्यावी. गरोदर बाईने ती घ्यायची नसते. मोबाईलवर फिरणाऱ्या लसूण-लिंबू-आल्याच्या काढ्याने शिरा साफ होत नाहीत. लसूण भाजीत टाका, चव येते.

रोवणी, कापणी आणि तेलंगणात मिरची तोडायला जाण्याच्या दिवसांत गोळ्या तुटतात, हे आम्हाला दरवर्षी दिसते. जाण्याआधी दवाखान्यात सांगा, जास्त दिवसांच्या मागा. तिकडच्या सरकारी दवाखान्यातही चिठ्ठी दाखवून गोळ्या मागता येतात, म्हणून चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, केसपेपरसुद्धा. उपकेंद्रात तिशीवरच्या प्रत्येकाचे बीपी-शुगर बघणे हे तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याचे आणि आशाताईचे काम आहे, उपकार नव्हे. संविधानाच्या ४७ व्या कलमात सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य म्हणून लिहिले आहे. गोळी संपली म्हणून परत पाठवले, तर किती तारखेला मिळेल ते कागदावर लिहून मागा. आमचा अनुभव असा की लिहून मागितले की बरेचदा आतून गोळी निघते.

एक गोष्ट गोळीने होत नाही. हृदयाच्या धोक्यांच्या यादीत मोठ्या अभ्यासांनी मानसिक ताण धरला आहे. मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता, पोराची न लागणारी नोकरी, कामावर जात कळल्यावर बदललेली नजर. हे सगळे छातीत साठते. “टेन्शन घेऊ नका” असे सांगणे आम्ही बंद केले आहे. रोज अर्धा तास जलद चालणे, झोप, आणि मन मोकळे करायला चार माणसे, एवढे तरी आपल्या हातात आहे. शेतात दिवसभर राबणाऱ्याला चालायला सांगायची गरज नाही. ऑटो चालवणारा, टपरीवर बसणारा, शिलाई करणारी, यांना आहे.

छातीत दुखले तर

आता त्या सहा तासांकडे येऊ. आमच्या भागातला एक ड्रायव्हर भाऊ, वय पंचेचाळीसच्या आत. पहाटे चारला छातीवर दगड ठेवल्यासारखे झाले, घाम फुटला. घरात सोडा होता, तो घेतला. मग पुडी. सात वाजता कोणीतरी पाठ चोळून दिली. नऊला गावात इंजेक्शन घेतले, ते कसले ते त्याला आजही माहीत नाही. ईसीजी निघाला तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. तो वाचला. पण हृदयाचा एक भाग गेला, आता जिना चढताना थांबावे लागते, गाडी सुटली, घर बायकोच्या मजुरीवर आले. भाऊ विडी पीत होता आणि बीपी कधी मोजलेच नव्हते.

छातीच्या मधोमध दाब, तो डाव्या हातात, खांद्यात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, थंड घाम, धाप, मळमळ. बायकांना आणि शुगरच्या रुग्णांना छातीत न दुखता नुसती धाप, गळून गेल्यासारखे, जबडा-पाठ दुखणे असेही होते, म्हणून त्यांचा अटॅक आणखी उशिरा कळतो. पंधरा मिनिटांत थांबले नाही तर गॅस समजू नका. आणि थांबून पुन्हा पुन्हा येत असेल, तरी जायचेच. १०८ लावा. माणसाला चालवू नका, मोटरसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका, दुसरे काहीच साधन नसेल तर गोष्ट वेगळी. ३०० मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन घरात असेल, त्याची अ‍ॅलर्जी नसेल, पोटात अल्सर किंवा कुठे रक्तस्राव नसेल, तर ती चावून खायला द्या. जिभेखालची सॉर्बिट्रेट मात्र बीपी न बघता देऊ नये, बीपी खाली असेल तर ती घात करते.

जवळच्या सरकारी दवाखान्यात पहिली मागणी एकच, “ईसीजी काढा.” अटॅक निघाला तर गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या तासांत सर्वांत जास्त काम करते, बारा तासांनंतर त्याचा फारसा उपयोग राहत नाही. नागपूरला पाठवले तर आधी इथे काय देता येते ते विचारा, मग निघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास बसतात, आता रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. योजनेतल्या दवाखान्यात ‘आरोग्यमित्र’ नावाचे टेबल असते, पैसे भरायच्या खिडकीआधी तिकडे जा. रेशनकार्ड आणि आधार यांच्या नावात फरक असेल, तर तो आजच दुरुस्त करा. स्ट्रेचरवर माणूस असताना आम्ही या एका अक्षरासाठी लोकांना तहसीलकडे पळताना पाहिले आहे.

वर्षावासात आपल्या विहारात संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन असते. यंदा पौर्णिमेच्या वंदनेनंतर महिला मंडळाच्या बाया बीपीचे मशीन घेऊन बसणार आहेत. तिशीवरचे सगळे या. येण्याआधी अर्धा तास चहा, विडी, खर्रा नको. पाच मिनिटे बसून मग हात द्या. जुना रिपोर्ट, चालू गोळ्यांचे पाकीट आणि रेशनकार्ड सोबत आणा. आणि घरातली जी बाई “मले काई नाई जी” म्हणेल, तिला पुढे बसवा.